बाहीत अडकलेला स्वेटर

सिस्टर दवाखान्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणे. या सहा वर्षांत त्यांनी नऊ स्वेटर सुरू केले, पण पुरा एकही नाही. नवी लोकर दिसली की जुना स्वेटर ट्रंकेत. आज चार वाजता गरम कपडे न्यायला अनाथाश्रमाची गाडी यायची होती, आणि एक तरी द्यायचाच, असा त्यांनी हट्टच धरला होता. निळ्याची एकच बाही राहिली होती.

"आई, त्या पोराला एकच हात आहे का हो?" सुनेनं टोमणा मारला.

"टाके मोजतेय, तोंड आवर!"

दहादा उठून त्या खिडकीशी गेल्या. घाई झाली की त्यांचा हात आवळतो, टाके घट्ट पडतात. बाही झाली, ती जुनीपेक्षा दोन बोटं अरुंद! घड्याळात तीन वाजलेले. त्यांनी कात्री घेऊन जुन्या बाहीची शिवण उसवली, दोन्ही बाह्या बाजूला टाकल्या आणि बगलांना नुसती कड विणली. बिनबाह्यांचा का होईना, स्वेटर पुरा झाला.

तो हाती देताना त्यांनी गाडीवाल्याला विचारलं, "परत कधी?"

"आता पुढच्या थंडीत, मावशी."

झालं! सिस्टरना वर्षही कमी वाटलं. दारातूनच ओरडल्या, "अगं, ट्रंक ओढ बाहेर, अजून आठ राहिलेत!"