खिडकीबाहेर फेकलेला फासा

गोवा राज्य झालं त्या सुमाराची गोष्ट. डिचोलीच्या बाजारात वह्या-खेळण्यांच्या एका दुकानात मी दिवसभर उभी असायची. संध्याकाळी पाय भरून यायचे आणि गिऱ्हाईक दिसलं की कपाळाला आठी पडायची.

अशाच वेळी तो आला. खाणीवरचा ट्रक ड्रायव्हर, भुवयांपर्यंत लाल धूळ. आधी त्याने हात शर्टाला पुसले, मगच खेळांच्या खोक्याला बोट लावलं.

"दोघांनीच खेळूक कायतरी व्हया. घराकडे मी आणि बायल."

मी बुद्धिबळ पुढे सरकवलं. त्याने मान हलवली. "तेत गपच बसूचा लागता."

"मग लुडो न्या. पण तो चौघांचा."

"दोघांत खेळतलव. बोलण्यासारख्या आता काय उरूक नाय, बाय. निदान 'तुमची पाळी' इतक्या तरी ती म्हणात."

कुणाला पत्ता सांगावा तितक्या साधेपणाने तो हे बोलला.

पंधरा दिवसांनी तो परत आला. तोच शिणलेला चेहरा, तीच धूळ. खेळ परत घ्या म्हणेल, असं वाटलं.

"तुमच्याकडे सुटो फासो गावात काय? मी तिची सोंगटी मारलंय, तर तिना रागान फासो खिडकीभायर उडयल्यान. मगे जेवणापर्यंत भांडलव." आणि तो चक्क हसला.

सुटे फासे आम्ही ठेवत नसू. "उद्या या," मी म्हटलं.

घरी स्टुलावर चढून कपाटावरचा आमचा लुडो काढला. काय शोधतेस, एवढंही नवऱ्याने विचारलं नाही. लग्नाच्या वर्षी हौसेने घेतलेला तो खेळ. फासा अजून पुडीतच होता.