मटण सोडलेल्या माणसाचा रस्सा

आतडी धुणं हे काम ज्याला जमतं त्यालाच जमतं. बाकीचे नाकाला पदर लावून लांब उभे राहतात आणि जेवायच्या वेळी मात्र सगळ्यांच्या आधी ताटली घेऊन बसतात. आमच्या ऊसतोडीच्या टोळीत हे काम आबांचं होतं. आबा म्हणजे माझे वडील. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावातून दिवाळी झाली की दहा-बारा जोडपी ट्रकमध्ये बसून कारखान्याच्या मुलखात ऊस तोडायला जायची आणि फडाजवळ उसाच्या वाळक्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, बांधून चार-पाच महिने तिथंच राहायची. माय आणि आबा त्यातलंच एक जोडपं. मी त्यांच्याबरोबर.

कारखाना सफाईसाठी बंद असला की सुट्टी मिळायची. त्या दिवशी आबा बाजारातून बकऱ्याची आतडी आणत. ती काडीवर उलटी करून, मीठ आणि ज्वारीचं पीठ लावून चोळत, कोमट पाण्यात पाच-सहा वेळा धूत. मग चरबीचे बारीक तुकडे, कांदा, लसूण आणि येसर असं सगळं कालवून आतड्यात भरायचं. येसर म्हणजे गहू, हरभऱ्याची डाळ आणि धने भाजून मसाल्यासकट दळलेलं पीठ. माय ते घरूनच डबाभर आणायची. भरलेल्या आतड्याला वीतवीतभर अंतरावर दोऱ्याची गाठ मारली की ते तीन दगडांच्या चुलीवर रश्श्यात सोडायचं. कांदा आणि खोबरं आधी निखाऱ्यात भाजून वाटलेलं असायचं.

रश्श्यात चवळी पडायची, पण सगळ्यात शेवटी. ती आदल्या दिवशी भिजवून वेगळी शिजवायची, यावर आबा अडून बसत. चरबीत कच्ची टाकली तर दाणा शिजता शिजत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी शाळेत विज्ञान शिकवते, पण हे खरं की खोटं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मीसुद्धा वेगळीच शिजवते.

मी सहा वर्षांची असताना तिथं कोपीत तापानं फणफणले. आबांनी उसाच्या ट्रॅक्टरवर बसवून मला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. चार दिवस मला शुद्ध नव्हती, असं सगळे सांगतात. चौथ्या दिवशी आबांनी गावाकडच्या मारुतीला नवस बोलला. पोरगी उठली तर मी जन्मात मटण खाणार नाही. मी उठले.

टोळीतल्या बाप्यांनी त्यांची भरपूर टिंगल केली. "पोरगा असता तर समजलो असतो. पोरीसाठी एवढा मोठा नवस कामून बोललास?" आबा म्हणाले, "जीभ माझी हाय. तिचं मी बघतो." एवढ्यावर विषय संपला. पुढच्या सुट्टीला लोकांना वाटलं, आता रस्सा कोण करणार? तर हा माणूस पुन्हा आतडी घेऊन पाण्याजवळ बसलेला. कुणीतरी नवसाची आठवण करून दिली. "खानार न्हाई म्हनलो व्हतो," आबा म्हणाले. "रांधनार न्हाई असं म्हनलो न्हाई." मारुतीशी सुद्धा शब्दाला शब्द धरून वागणारा माणूस होता तो.

चाखायचं मात्र आता त्यांना बंद होतं. ते काम माझ्याकडं आलं. पळीतला रस्सा फुंकून ते माझ्या तळहातावर टाकत आणि माझ्या तोंडाकडं बघत बसत. मी चाटून सांगायचे, मीठ कमी, तिखट बरोबर. सगळे जेवायला बसले की आबा साध्या वरणात भाकरी कुस्करून खायचे, तेही सगळ्यांच्या मधे बसून. मला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही. लहान होते हे खरं, पण मोठी झाल्यावरही वाटलं नाही. बापानं आपल्यासाठी काही सोडलेलं असतंच, असं गृहीत धरून मी शिकले, नोकरीला लागले, लग्न करून सेलूला राहायला गेले. सुट्टीत माहेरी आले की रस्सा हवाच, असा हट्ट धरायचे. आणि ते करायचे. पस्तीस वर्षं.

गेल्या वर्षी त्यांच्या पोटात पाणी व्हायला लागलं. परभणीला दोन महिने दवाखाना झाला. शेवटी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की घरी न्या आणि जे मागतील ते खाऊ घाला. हे वाक्य किती सभ्यपणे सांगतात. मी रजा टाकली आणि आबांना घेऊन गावी आले. माझी लेक नववीत आहे, तिला तिच्या बापाजवळ सेलूलाच ठेवलं.

आबा काहीच मागत नव्हते. पेज दोन चमचे, चहा अर्धी बशी. मग एका सकाळी ओसरीवरच्या बाजेवरून मला हाक मारली आणि म्हणाले, "बाई, चवळीचा रस्सा कर. भरलेलं घालून."

मला वाटलं, मला खायला घालायचं म्हणून सांगतायत. मी म्हटलं, "माझं राहू द्या आबा, तुमी काय खाता ते सांगा."

"तेच तर सांगायलोय," ते म्हणाले.

माय ज्वारी निवडत होती. तिचा हात थांबला. आबांना ऐकू जाऊ नये म्हणून ती मला गोठ्याजवळ घेऊन गेली. "करायचं न्हाई," ती म्हणाली. "नवस बोललेला मानूस मोडून मोकळा व्हतो. भोगावं लागतं ते ज्याच्यासाठी बोलला त्याला."

माझा पारा चढला. आयुष्यभर पोरांना अंधश्रद्धेवर भाषणं दिलेली बाई मी. म्हटलं, "माय, मला सुया टोचल्या, सलाईन लावली, म्हणून माझा ताप उतरला. मारुतीचा त्यात काय संबंध?"

"औषध समद्याला सारखंच व्हतं," माय म्हणाली. "तुज्या बाजूच्या खाटंवर तुज्याच वयाची पोर व्हती. तिलाबी सुया टोचल्या. ती न्हाई उठली."

या पोरीचं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तरी रस्सा करायचा हे मी मनात पक्कं केलं. त्या दिवशी मायनं चुलीला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी आबांनी तेच मागितलं, तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी माय स्वतःच माझ्याकडं आली. डोळे सुजलेले होते. "कर," ती म्हणाली. "पस्तीस वर्सं त्यानं तोंड बांधून काढली. त्याला आडवनारी मी कोन? तुजा जीव हाय, तूच ठरीव."

मी चवळी भिजत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं जिंतूरला जाऊन आतडी आणली. अंगणात तीन दगड मांडले, कारण हा पदार्थ घरातल्या गॅसवर केलेला आबांना कधी पसंत पडला नव्हता. आतडी उलटी करताना माझी बोटं घसरत होती. आबा बाजेवरून बघत होते. "अजून एक पानी," ते म्हणाले. मी आणखी एकदा धुतली. भरताना म्हणाले, "ठासू नको, फुटंल." खोबरं निखाऱ्यात टाकलं तसं त्यांनी मायकडून उशी मागून घेतली आणि भिंतीला टेकून उठून बसले. दोन महिन्यांत ते आपणहून बसले नव्हते. दुपारी बारापर्यंत पातेलं रटरटायला लागलं होतं, वास गल्लीत गेला होता, आणि माझा बाप लहान पोरासारखा चुलीकडं डोळे लावून बसला होता.

चवळी शिजली. ती पातेल्यात ओतणार तेवढ्यात लेकीचा फोन आला. काही विशेष नव्हतं. शाळेतून आली होती, डबा तसाच राहिला होता. "आई, तू कधी येणार?" एवढंच विचारलं.

मी फोन ठेवला आणि मला भीती वाटली. बाजूच्या खाटेवरची ती पोर, जी मी कधी पाहिली नाही, माझ्या डोळ्यांसमोर आली. मी मेले तर माझ्या लेकीचं काय, हा विचार आला, आणि खरं सांगायचं तर त्याच्याही आधी नुसतं एवढंच आलं की मला मरायचं नाही. मी स्वतःला बजावलं, अगं बाई, तू विज्ञान शिकवतेस. काही उपयोग झाला नाही.

मी लहान पातेलं घेतलं. त्यात तेल, वाटलेला मसाला, येसर आणि निम्मी चवळी टाकली. मटणाच्या पातेल्यातला थेंबही त्यात पडू दिला नाही, पळीसुद्धा वेगळी घेतली. माय दारात उभी राहून हे बघत होती.

ताटली घेऊन मी आबांसमोर बसले. भाकरी कुस्करून दिली. त्यांनी ताटलीत बोट फिरवलं आणि विचारलं, "भरलेलं कुठंय?"

"दात कुठं आहेत तुमाला?" मी म्हटलं. "बारीक कुस्करून रश्श्यातच मिसळलंय."

खोटं बोलताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. वर्गात पोरांना दरडावायची सवय असली की हे जमतं.

त्यांनी पहिला घास घेतला. थोडा वेळ तोंडात तसाच ठेवला. मग गिळला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. "लय झाक झालंय," ते म्हणाले. एवढ्या दिवसांत त्यांच्या पोटात धड काही गेलं नव्हतं आणि त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. मला इतकं हलकं वाटलं की मी उरलेलं मोठं पातेलं तसंच्या तसं शेजारी देऊन टाकलं. आपण किती हुशारीनं दोन्ही साधलं, बापाची इच्छाही आणि आपला जीवही, असं माझ्या मनात आलं. हे आलं होतं, ते मी लपवणार नाही.

पाचव्या दिवशी पहाटे आबा गेले.

तेराव्याची माणसं पांगल्यावर मी आणि माय भांडी पुसत बसलो होतो. मी सहज म्हटलं की शेवटी त्यांच्या मनासारखं खाणं तरी झालं. माय भांडं पुसत राहिली. मग म्हणाली, "तुज्या बापाला पैल्या घासालाच कळलं व्हतं."

"तुला कसं ठाऊक?" मी विचारलं.

"तू पातेलं घेऊन शेजारी गेलीस तवा म्हनला मला," माय म्हणाली. "म्हनला, पोरगी भ्याली. चूक माझी हाय. म्या तिला मागायला नको व्हतं. आन तिला ह्यातलं काई सांगू नको म्हनला. पर मला ऱ्हावलं न्हाई."

हातातली ताटली मी तीनदा पुसली. ज्या माणसानं जन्मभर माझ्यासाठी तोंड बांधलं, त्यानं आयुष्यात एकदा माझ्याकडं काही मागितलं होतं, आणि मागितलं म्हणून अपराधीही तोच झाला होता.

"कळलं होतं तर मग खाल्लं कशाला?" मी विचारलं. "अर्धी भाकरी कशी काय खाल्ली?"

"तू समूर बसली व्हतीस ना," माय म्हणाली.