पाठमोऱ्या खुर्च्या

आमच्या थोरल्या जाऊबाईंइतकी सासऱ्याची मर्यादा पाळणारी आणि त्याच मर्यादेनं सासऱ्याला हैराण करणारी सून सगळ्या मराठवाड्यात दुसरी झाली नसेल. लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून मामंजींना त्यांनी कधी तोंड दाखवलं नाही, की त्यांच्याशी थेट एक शब्द बोलल्या नाहीत. पण गप्प बसणं त्यांच्या पिंडातच नव्हतं. मग त्या मेंढीशी बोलत. आमच्या दाराशी कबरी नावाची म्हातारी मेंढी बांधलेली असे. जाऊबाई मामंजींकडं पाठ करून खणखणीत आवाजात म्हणत, "कबरे, म्हाताऱ्याला सांग, तंबाखू सोड, न्हायतर खोकून खोकून मरशील." मेंढीशी बोलताना मर्यादा कसली? मामंजीही कमी नव्हते. तेही कबरीकडं बघून म्हणत, "कबरे, तिला सांग, आधी चहात साखर टाक, मग शानपन शिकव." कबरी दोघांचं ऐकून घेई आणि रवंथ करत बसे. घरातल्या सोयरिकीसुद्धा तिच्याच मध्यस्थीनं जमल्या. मी धाकटी सून. मला मेंढीशी बोलायचाही धीर नव्हता.

आमचं गाव पाचोडच्या अलीकडं. पावसानं पाठ फिरवलेल्या त्या वर्षांत आमच्या गायरानावर सोलरच्या प्लेटा आल्या. जिथं आमच्या मेंढ्या चरत तिथं जाळीचं कुंपण पडलं. जाऊबाई त्या प्लेटांना आरसे म्हणत. "एवढे आरसे लावलेत, पण तोंड बघायला बाईमाणसाला आत सोडत नाय," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. वीज आमच्या गायरानात तयार होई आणि तारेवर बसून थेट शहरात जाई. तिकडं रोज नवी बिल्डिंग उभी राहत होती. आमच्याकडं दिवा लागला की जाऊबाई त्याला हात जोडत आणि गेला की त्यालाच शिव्या घालत. दोन्ही कामं त्यांना दिवसातून बऱ्याचदा करावी लागत.

एक दिवस शहरातून एक मॅडम आल्या. पोरगी गोड होती, उन्हानं लाल झाली होती. या प्रकल्पातून बायकांना पुरुषांच्या बरोबरीनं आणायचं आहे, असं ती म्हणाली. त्यासाठी तिनं आम्हाला टोप्या वाटल्या. आम्ही त्या पदरावरून घातल्या. मग शिलाई मशिनी आल्या. वीज तयार करणाऱ्या माणसांनी दिलेल्या मशिनी, आणि त्या निघाल्या पायानं चालवायच्या. "तुम्हाला आणखी काय हवं?" मॅडमनी विचारलं. जाऊबाई म्हणाल्या, "जाळीचं दार उघडा." मॅडमनी मान डोलावली आणि मेंदीचा क्लास मंजूर केला.

दाराचं कारण असं, की त्या प्लेटा धुवायला टँकर येई. ते पाणी खाली पडे आणि तिथं हिरवंगार गवत वाढे. सगळ्या शिवारात तेवढंच हिरवं. गवताची सावली आरशांवर पडू नये म्हणून माणसं यंत्रानं ते कापत आणि पेटवून देत. आमच्या मेंढ्या जाळीला तोंड लावून ते बघत. त्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. मामंजींनी एकदा कबरीला सांगून टाकलं, "पाचोडच्या बाजारात काढाव्या लागतील आता." पिढ्यांचा कळप जाणार होता. त्या दिवशी जाऊबाईंनी कबरीला उलट निरोप दिला नाही. दारावरचा राखणदार आमच्याच गावचा, रशीदभाई. तो म्हणे, "भाभी, मेरे हाथ में होता तो कबका खोल देता. साहेब नाय म्हनतो."

अशात शाळेपुढं सभा ठरली. बायकांनी जमिनीवर बसायचं नाही, खुर्चीवरच बसायचं, असा मॅडमचा हुकूम होता. पण वर शाळेच्या ओट्यावर गावातली म्हातारी मंडळी मानानं बसलेली. सासऱ्यापुढं सून खुर्चीवर कशी बसणार? खुर्च्या रिकाम्या आणि आम्ही त्यांच्या मागं मातीत. तेव्हा जाऊबाई उठल्या, आपली खुर्ची गरकन फिरवली आणि मामंजींकडं पाठ करून ऐटीत बसल्या. हुकूमही पाळला, मर्यादाही पाळली. बघता बघता सगळ्या सुनांनी खुर्च्या फिरवल्या. बरोबरीचं सगळं भाषण मॅडमनी आमच्या अंबाड्यांना ऐकवलं. फोटो वरच्या ऑफिसात गेला. वरून विचारणा आली, या बायका रुसल्या आहेत काय?

पुढं पैसे देणारे परदेशी पाहुणे येणार म्हणून पुन्हा सभा भरली. मॅडम रडकुंडीला आल्या. "ताई, आज तरी तोंड इकडं करा ना."

"दार उघडा, मंग तोंड," जाऊबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या.

प्रकल्पाचे साहेब म्हणाले, "बाई, मेंढ्या वायरी खातील."

"वायरी खायला त्या काय मान्सं हायेत का?"

तेवढ्यात वळणावर गाड्यांचा धुरळा उठला. साहेबांनी धुरळ्याकडं बघितलं, घाम पुसला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ठीक आहे, उद्यापासून सोडा मेंढ्या. पण फिरा आता!"

आणि जाऊबाई जागच्या हलेनात. बोलून तर बसल्या होत्या, पण फिरलं की समोर मामंजी आहेत हे त्या घाईत विसरल्या होत्या. उभ्या जन्मात न दाखवलेलं तोंड आता कसं दाखवायचं? तोंड दाखवावं तर मर्यादा जाते, न दाखवावं तर कळप जातो. त्यांच्या मानेवर घाम आलेला मला दिसत होता. सगळ्या सुना त्यांच्याकडं बघत होत्या. गाड्या शाळेशी आल्या.

मग वरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मामंजी उठले होते. काठी काखेत धरून त्यांनी आपली खुर्ची फिरवली, शाळेच्या भिंतीकडं तोंड करून बसले आणि म्हणाले, "कबरे, तिला सांग, माझी पाठ वळली."

कबरी तिथं नव्हती. पण निरोप पोचला. बाकीचे म्हातारेही कुरकुरत एकेक करून भिंतीकडं वळले. आम्ही पुढं तोंड केलं. पाहुणे आले तेव्हा टोप्या घातलेल्या बायका समोर आणि पटकेवाले म्हातारे पाठमोरे. स्त्रियांच्या सन्मानाची ही गावाची जुनी चाल आहे का, असं पाहुण्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, "हो हो, फार जुनी."

दुसऱ्या दिवशी दार उघडलं. त्या दुष्काळात आमची एकही मेंढी बाजारात गेली नाही.

पुढं पाऊस आला, शहरही आमच्या दिशेनं आलं. कबरी गेली, मामंजी गेले. पोरांनी प्लॉट पाडले, मेंढ्या विकल्या. जाऊबाई आता शहरात मुलाच्या फ्लॅटवर असतात. भिंतीवर मामंजींचा फोटो आहे, आणि जाऊबाईंची खुर्ची अजून त्याच्याकडं पाठ करून असते. मागं मी गेले तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत होत्या. समोरच्या गच्चीवर प्लेटा चमकत होत्या.

"म्हाताऱ्याला सांगावं वाटतं काहीबाही," त्या म्हणाल्या. "पर आता मेंढी नाय. सांगू कुनाच्या तोंडून?"

"मला सांगा," मी म्हणाले.

त्या हसल्या. "कबरीपेक्षा मुकी तू." मग समोरच्या गच्चीकडं बोट करून म्हणाल्या, "त्यान्ला सांग, इथं बी आरसे लागलेत. पर खाली गवत नाय."

मी पदर सारखा केला, फोटोकडं पाठ केली आणि सांगितलं.