मावशींनी धुतलेलं फडकं

आमच्या शाळेच्या मावशींना घाण दिसली की राहवत नाही. फळ्यावरचं अर्धं गणित पुसतील, पण फळा लख्ख ठेवतील. त्यामुळे माझं आणि त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

मी विज्ञान शिकवतो. त्या वर्षी मैदानात खांबावर एक पांढरी पेटी बसवली. आत दोन तापमापक, त्यातल्या एकाच्या टोकाला ओलं फडकं. दोघांच्या आकड्यांतल्या फरकावरून हवेतली आर्द्रता काढायची. रोज सकाळी दहाला मुलं आकडे वहीत लिहीत आणि आकाशाचे आठ भाग कल्पून त्यातले किती ढगांनी झाकलेत ते ठरवत. त्यावरून रोज हमरीतुमरी. कोणी तीन म्हणे, कोणी सहा. मावशी झाडता झाडता मान वर करून निकाल देत, "पाच! आठ नातवंडांना कलिंगड वाटते मी, मला नका शिकवू."

वर्षभर एकही दिवस न चुकता नोंदी झाल्या, तर हवामान खात्याच्या केंद्रांच्या यादीत शाळेचं नाव लागणार होतं. मला ते हवंच होतं. अगदी हावरटासारखं हवं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मेहुणीचं लग्न निघालं. पंधरा दिवस वही मावशींच्या हाती सोपवली. परत येऊन उघडली आणि कपाळावर हात मारला. दोन्ही तापमापकांचे आकडे रोज अगदी सारखे! म्हणजे आर्द्रता शंभर टक्के. रणरणत्या उन्हात!

"मावशी, फडकं ओलं नव्हतं?"

"कळकट झालं होतं हो. साबणाने धुतलं, कडक वाळवलं आणि परत घातलं. ओलं फडकं पेटीत कोंडून कुबट वास नाही यायचा?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी पेन उचललं. दुसरा आकडा आठेक अंशांनी कमी केला की कोणाला कळणार होतं? मावशींनी वहीवर हातच ठेवला.

"दिसलं ते लिहिलंय मी. त्यात तुमचं काही घालायचं नाही."

महिन्याभराने खात्याचे साहेब आले. त्या पंधरा दिवसांच्या पानावर थबकले. मी काही बोलायच्या आत मावशी पुढे झाल्या. "चूक माझी. फडकं मी धुतलं."

साहेब हसले. आपल्या कचेरीचे कागद काढून त्यांनी ओळीवर ओळ लावून पाहिली. "आर्द्रता गेली. पण तापमान जुळतंय, ढग जुळतात. रविवारीसुद्धा." मग त्यांनी मागची पानं चाळली. "सर, यातला एकही रविवार जुळत नाही. या नोंदी कोणी घेतल्या?"

रविवारी मी घरी लोळत पडलेला असायचो. सोमवारी येऊन शनिवारच्या आकड्यात एखादा अंश इकडेतिकडे करायचो की झालं काम. तसं सांगून टाकलं. लाज वाटली, अजून वाटते.

साहेबांनी अख्खं वर्ष बाद केलं. "उद्यापासून पुन्हा सुरू करा," ते म्हणाले. "आणि नोंद घेणाऱ्याची सही यांची असू द्या."

ते गेल्यावर मी मावशींची नजर चुकवत टेबल आवरू लागलो. त्यांनी वही उचलली.

"सर, ते फडकं नीट कसं भिजवायचं ते मला शिकवा," त्या म्हणाल्या. "रविवारी या. दहा म्हणजे दहा, मी थांबणार नाही."