आधी प्रश्न वाचा

पेपरात मतचाचणीची टक्केवारी दिसली की ते आधी तिच्यावर अंगठा ठेवायचे. आकडा झाकला की म्हणायचे, "आता प्रश्न वाचा."

तुमच्याही ओळखीत असा कोणी असेल, दुसऱ्याच्या उत्साहावर पाणी टाकणारा. आमचे हे गृहस्थ जर्मनीत वाल्डॉर्फला आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचे. एकाच सॉफ्टवेअर कंपनीत आम्ही नोकरीला. मी हिशेबाचे प्रोग्रॅम लिहायचो, ते ग्राहकांची मतं गोळा करायचे. शनिवारी सकाळी त्यांच्याकडे पोहे आणि पोह्यांबरोबर वाद, हे ठरलेलं.

२००७ चा उन्हाळा. अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक वर्षाहून जास्त लांब होती, तरी चाचण्यांचे आकडे जर्मन पेपरांत यायला लागले होते. मी म्हटलं, "दोन्ही पक्षांचे उमेदवार ठरलेच की. केवढे पुढे आहेत!"

अंगठा आला. "प्रश्न काय विचारलाय? निवडणूक आज असती तर. आज आहे का?"

"नाही."

"मग लोक मत सांगत नाहीयेत, ऐकलेलं नाव सांगताहेत. आणि हे बघा." त्यांचं बोट कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर गेलं. "'अजून ठरलं नाही' म्हणणारे. यांच्याकडे कोणी बघत नाही आणि निकाल यांच्याच हातात."

"या घरात आकडा कधी सरळ वाचू देतात का, विचारा," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

त्याच उन्हाळ्यात त्यांचे वडील गेले. आई पुण्यात एकट्या पडल्या. पुढच्याच एका शनिवारी, माझ्यासमोर, त्यांनी मुलीला विचारलं, "सई, पुण्याला आजीबरोबर राहायला आवडेल का गं?"

सई तेरा वर्षांची. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "क्लार, बाबा." म्हणजे अर्थातच.

वहिनी म्हणाल्या, "बघू."

"झालं तर मग," ते माझ्याकडे वळले. "पुढच्या जुलैत शाळा संपली की निघायचं."

मी चिडवलं, "अहो, अंगठा कुठे गेला? वहिनींचं 'बघू' कुठल्या रकान्यात?"

"आल्झो, हे बघा, घरात कसली आलीय चाचणी!" ते हसले आणि तिथूनच आईंना फोन लावला. आईंनी महिन्याभरात सईसाठी खिडकीशी अभ्यासाचं टेबल करून घेतलं. ह्यांनी पुण्यात नोकरी ठरवली.

पुढच्या वर्षी, वसंत सरेपर्यंत, पेपरातली ती पुढे असलेली दोन्ही नावं मागे पडली. मला वाटलं, आता "बघा, म्हटलं नव्हतं?" ऐकावं लागणार. पोहे समोर आले, पण त्यांच्या आधी बोलली सई. जर्मनमध्ये, अगदी शांतपणे: मी येणार नाही.

"तू हो म्हणाली होतीस."

"आजीबरोबर राहायला आवडेल का, असं तू विचारलंस," ती जर्मनमध्येच म्हणाली. "आवडतं. सुट्टीत. शाळा सोडशील का, मैत्रिणी सोडशील का, हे विचारलंच नव्हतंस."

त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी पोह्यांवर लिंबू पिळत होत्या. "मी तरी हो कधी म्हटलं होतं?"

पेपर टेबलावर उघडाच होता. त्यांचा अंगठा त्याच्या कडेला नुसता पडून राहिला.

जुलैत ते एकटेच निघाले. आईंना एकटं ठेवणं त्यांना जमणार नव्हतं, आणि मुलीला ओढून नेणंही. स्टेशनवर मी विचारलं, "आईंना काय सांगितलंत?"

"टेबल राहू दे म्हटलं." मग बॅग उचलत म्हणाले, "परत कधी, ते मात्र आत्ता विचारू नका. आत्ताचं उत्तर खरं नसतं."

नोव्हेंबरात निकाल लागला. पेपरात पानभर आकडे होते, झाकायला कोणी नव्हतं. संध्याकाळी जिन्यात वहिनी भेटल्या. मी विचारलं, "नाताळात ते इकडे येताहेत, की तुम्ही दोघी जाताय?"

त्यांनी किल्ली शोधली, दार उघडलं.

"बघू," म्हणाल्या.

या वेळी तो शब्द मी हिशेबात धरला.