शेवटच्या बाकावरचे सर

पहिल्यांदा खटकलं ते भिंतीवरचं नवं टाइमटेबल. अकरावी गणित, फंक्शन्स अँड रिलेशन्स, आणि पुढे फक्त माझं नाव. दरवर्षी तिथे दोन नावं असायची.

"सर, नंदनचं लिहायचं राहिलं का?" मी क्लासच्या मालकांना विचारलं. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणतो.

"राहिलं नाही," सर चष्म्यावरून बघत म्हणाले. "मीच लिहिलं नाही."

शिकवणाऱ्यांकडे किस्से खडूच्या भुकटीसारखे साठतात. कितीही झटका, ओढणीवर थोडे उरतातच. माझ्याकडचे सगळे शनिवार पेठेतल्या आमच्या क्लासमधले, आणि त्यातले बहुतेक नंदनचे. तो दिवसा कंपनीत प्रोग्रॅम लिहायचा आणि सकाळी हौसेनं आमच्याकडे शिकवायचा. मग कंपनीनं त्याला अमेरिकेला पाठवलं. "दिवाळीला येतो," म्हणाला होता. दिवाळी होऊन गेली, आता तर पुढचा जून आला.

*

एकाच धड्याला दोघं कशाला? तर आमची बरीचशी मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमाची. अकरावीत एकदम सगळं इंग्रजी! "डोमेन" म्हटलं की चेहरे दगडासारखे व्हायचे, पण शंका विचारायची मात्र लाज.

यावर नंदननं युक्ती काढली. मी शिकवताना तो शेवटच्या बाकावर विद्यार्थी होऊन बसायचा आणि सगळ्यात बावळट प्रश्न विचारायचा. तो शिकवताना मी बसायची.

पहिल्याच दिवशी मी फळ्यावर दोन गोल काढले, डावीकडून उजवीकडे बाण काढले आणि सांगितलं, फंक्शनमध्ये डावीकडच्या प्रत्येकाला एक आणि एकच बाण.

मागून आवाज आला, "मॅडम, दोन बाण काढले तर पोलीस पकडतात का?"

वर्ग खो-खो हसला. मी इतकी दचकले की खडू हातातून सुटला. पण पुढच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, मलापण हेच विचारायचं होतं."

*

एकदा वाघोलीचे एक पाटील मुलीला घेऊन आले. क्लास कसा आहे बघायला म्हणून मागे नंदनशेजारीच बसले. तास संपल्यावर तडक सरांच्या केबिनमध्ये!

"सर, क्लास चांगला हाय. पोरीला घालतो. पर त्या दाढीवाल्याला किती वर्सं अकरावीत ठिवणार? त्याला कायबी येत न्हाई. त्याच्या बापाला सांगा, माझ्याकडं पाठवा, ट्रॅक्टर तरी शिकवतो."

सर शांतपणे म्हणाले, "सांगतो. पण मुलगा नियमित आहे हो!"

*

तेव्हा अर्ध्या मुलांच्या घरी फोन नव्हता. ती पी.पी. नंबर द्यायची, म्हणजे शेजाऱ्यांचा, जिथून हाक मारून बोलावतात तो. नंदननं त्याचंच उदाहरण केलं. डावीकडे मुलं, उजवीकडे नंबर. कसब्यातल्या एकाच वाड्यातल्या तिघांचा नंबर एकच निघाला. "चालेल," नंदन म्हणाला, "तिघांचे बाण एकावर आले तरी फंक्शनच." प्रसादनं मात्र दोन नंबर दिले होते.

"प्रसाद, तुझ्यामुळे फंक्शन मोडलं! यातला एक ठेव."

"कुठला ठेवू सर?"

"जिथे तुला प्रेमानं बोलावतात तो."

प्रसादनं बराच विचार केला. "मग दोन्ही खोडा सर!"

मी शेवटच्या बाकावर होते. तिथून नंदन हसताना पूर्ण दिसायचा. आमच्यात बोलणं ते काय, तर डोमेन, रेंज आणि चहात साखर किती. त्याच्या पलीकडे तो कधी काही बोलला नाही. मीही नाही.

*

यंदा एकटीनं सुरुवात केली. फळा भरला, बाण काढले आणि सवयीनं थांबले. मागून प्रश्न येईना. पोरं टकामका बघत बसलेली. कुणाला कळलं नव्हतं हे दिसत होतं, पण विचारणार कोण?

शेवटी मीच शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि मोठ्यानं विचारलं, "मॅडम, दोन बाण का नाही चालत?"

आता फळ्यापाशी कुणीच नव्हतं! अख्खा वर्ग मान वळवून माझ्याकडे बघत होता.

"मॅडम," प्रसादची धाकटी बहीण घाबरून म्हणाली, "पाणी आणू का?"

*

त्याच आठवड्यात घरी एक स्थळ सांगून आलं. मुलगा चांगला, रविवारी काय ते कळवायचं होतं. आई म्हणाली, "तुझ्या मनात दुसरं कुणी असेल तर आत्ता सांग." काय सांगणार? मलाच माहीत नव्हतं तर!

नंदननं पत्रात नंबर कळवला होता. चार मित्र, एक फ्लॅट, एक फोन. सकाळची बॅच सुटली की तिकडे संध्याकाळ असते, म्हणून मी रोज कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरायची. रोज मशीन लागायचं. इंग्रजीत कुणीतरी निरोप ठेवा म्हणायचं, पीं वाजायचं, मी दचकायची, "सॉरी" म्हणायची आणि ठेवून द्यायची.

शनिवारी बूथवाले काका म्हणाले, "अहो ताई, रोज कुणाची माफी मागता? एकदा काय तो गुन्हा तरी सांगून टाका."

त्या दिवशी मशीनचं पीं झाल्यावर मी डोळे मिटले आणि एका दमात सुरू केलं. "नंदन, तू येणार आहेस की नाही ते सांग. सरांनी टाइमटेबलवरून तुझं नाव काढून टाकलंय. उद्या घरी मला हो किंवा नाही सांगायचंय, आणि तू काही बोलल्याशिवाय मला ते सांगता येणार नाही. मला एकटीला नाही जमत रे. म्हणजे, शिकवायला. म्हणजे, नुसतं शिकवायलाच नाही..."

पलीकडे धडपडल्यासारखा आवाज झाला. काहीतरी पडलं. दोघं-तिघं एकदम ओरडले. मग कुणीतरी रिसीव्हर उचलला. आवाज नंदनचा नव्हता.

"हॅलो! हॅलो! ठेवू नका वहिनी, ठेवू नका! मशीनवरचं सगळं ऐकू आलं इकडे! तो कुकर लावतोय, देतो त्याला!"