सातवी सही

आमच्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंइतका राग त्या काळात अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात कुणाकडे नव्हता, आणि रागावण्यासारखं तर घरोघरी होतं. कापसाची ती वर्षंच तशी होती. बाई नोकरदार घराण्यातल्या; त्यांच्याकडे कुणी कपाशीच्या पऱ्हाटीला हात लावला नव्हता, पण सगळ्यांच्या वाट्याचा राग त्या एकट्या करायच्या. पंख्यावर रागवायच्या, खडूवर रागवायच्या, दिग्रसच्या गाडीत डुलकी लागून थांबा चुकला तर कंडक्टरवर रागवायच्या. शांत असल्या की पुस्तकी मराठी बोलत आणि चिडल्या की वऱ्हाडी, त्यामुळे त्यांची पुस्तकी मराठी आम्ही फारशी ऐकलीच नाही.

आमच्या कॉलेजातला मुलींचा रग्बी क्लबही त्या रागातूनच निघाला. प्राचार्यांनी फलकावर लिहिलं होतं, मुलांसाठी क्रिकेट, मुलींसाठी रांगोळी. बाई तडक त्यांच्या खोलीत. मैदान मोकळं नाही, असं ते म्हणाले. मग सकाळी सहाला द्या, तेव्हा तुमची पोरं झोपलेली असतात, आणि त्यांना जो खेळ येत नाही तोच आम्ही खेळू, असं सांगून बाई बाहेर आल्या. रग्बी त्यांनी स्वतः कधी पाहिलीही नव्हती. नियमांची पुस्तिका मागवून ती त्यांनी चक्क भिंग घेऊन वाचली, आणि चेंडू हातानं मागेच द्यायचा या नियमावर दोन दिवस धुमसत राहिल्या. "जाचं पुढं अन् फेकाचं मांगं? कोणं ठरवलं हे?"

प्राचार्यांनी अट घातली, निदान सात मुली हव्यात आणि प्रत्येकीच्या वडिलांची सही हवी. एकही बाप सही करणार नाही याची त्यांना खात्री होती, आणि तेव्हाच्या त्यांच्या गोड हसण्याचा मला आजही संताप येतो. बाईंनी अर्जातलं 'वडील' खोडून 'पालक' केलं आणि संक्रांतीनंतर घरी हळदीकुंकू ठेवून आमच्या आयांना बोलावलं. वाण म्हणून स्टीलची वाटी, आणि वाटीत घडी घातलेला अर्ज. माझ्या आईसकट सहाजणींनी तिथेच सह्या केल्या.

सातवी मुलगी बाभुळगावकडची, आमच्यात सगळ्यांत वेगवान. बाईंनी दुसऱ्या दिवशी तिला मैदानातच धरलं. "तुह्या मायची सही कुठी आहे?"

"तुमी तिले बलावलंच नाही," ती म्हणाली. "माहा बाप गेल्यापासून हळदीकुंकवाले तिले कोण बलावते?"

बोलावण्याची यादी बाईंनी स्वतःच केली होती. साऱ्या जगाच्या रीतींवर भडकणाऱ्या बाईंच्या हातून ते नाव आपोआप गळालं होतं, आणि त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. त्या दिवशी त्या कुणावरच ओरडल्या नाहीत.

दुसऱ्या सकाळी मला घेऊन त्या तिच्या गावी गेल्या. तिची आई शेतात शेवटचा कापूस वेचत होती, कमरेची ओटी भरत आलेली. "माहं चुकलं," बाई म्हणाल्या आणि कुंकवाचा करंडा पुढे केला.

"ते राहू द्या. कागद आणा."

बाई अंगठा कुठे लावायचा ते दाखवू लागल्या. "सही येते मले," ती म्हणाली. "हे गेले त्या वर्षी लय कागदांवर केली." सही करून तिनं विचारलं, "बाकीच्यायले वाटी भेटली म्हणे?"

वाटी आणायचंच राहिलं होतं. बाईंनी पर्स उपसली, मग गळ्यातली शिट्टी काढून तिच्या कापसाच्या ओटीत टाकली.

पहिल्या सामन्याला ती माउली मैदानाच्या कडेला बसली होती. लेक पडली की ती शिट्टी फुंके आणि दोन्ही संघ थांबत. पंच तणतणत आले, तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "वाजवू द्या तिले."

आम्ही सपाटून हरलो. बाई आता नाहीत. क्लब अजून चालतो. शिकवणारे सर फार शांत आहेत, कुणावर आवाज चढवत नाहीत. सकाळी मैदानावरून जाताना मी उगाच थांबते, आणि मला त्या सरांचा भयंकर राग येतो.